नदा सिटी, फक्त पस्तीस मिनिटं

८ फेब्रुवारी, शनिवार

नवी वही, पहिलं पान. उद्यापासून शाळा सुरू आणि तिथे शिकवणारी माझी बायको इन्शिराह अजून बहिणीकडे. सहामाहीच्या सुट्टीत अवातिफकडे चार दिवस राहून येते म्हणाली होती, एक बॅग घेऊन गेली. आज फोन केला, कितीला येतेस? म्हणाली, येत नाही. मी म्हटलं, बरं, उद्या शाळा सुटल्यावर ये. म्हणाली, वगदी, नीट ऐक, मी नदा सिटीला परत येत नाही. इथून शाळा मेट्रोने दोन स्टेशनं आहे.

रागात आहे. एकोणतीस वर्षांच्या संसारात होतं असं कधीकधी.

कैरोच्या शुब्रा भागातलं घर विकून इथे यायचा निर्णय माझा होता आणि तो अभ्यासपूर्वक होता. तिथे दोन खोल्या, खाली कोंबड्या विकणारा, वर पाण्याची बोंब. इथे तीन खोल्या, बाल्कनी आणि भरपूर हवा. बिल्डरच्या पुस्तिकेत पान चारवर स्वच्छ छापलंय: शहराचा मध्य फक्त पस्तीस मिनिटं. शेजारी रंगीत चित्र. चित्रात उन्नत रेल्वेचा पूल पूर्ण झालेला आहे, गाडीसुद्धा धावते आहे. काही माहिती असल्याशिवाय चित्रकार गाडी कशाला काढेल?

संकल्प: जगातल्या मोठ्या शहरांतलं भाडं आणि प्रवास यांचा तुलनात्मक तक्ता करायचा. मी भूगोलाचा पदवीधर आहे. इन्शिराहपुढे आकडे ठेवले की तिला पटेल. आठवड्याभरात परत येईल, फार तर दहा दिवस.

९ फेब्रुवारी, रविवार

साडेसातला खाली उभा. लबीब आला नाही. लबीब माझ्याच ऑफिसात, पलीकडच्या इमारतीत राहणारा, सप्टेंबरपासून मी रोज त्याच्या गाडीतून जातोय. आठ वाजता फोन केला. म्हणाला, उस्ताझ वगदी, माफ करा, सांगायचं राहिलं, शुक्रवारीच सामान हलवलं. बायको ऐकेना.

कच्चा माणूस निघाला.

मायक्रोबसने गेलो. ऑफिसात पोहोचायला सव्वाअकरा. आमच्या वरिष्ठ मादाम तहानींनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. तशी गोष्ट चांगलीच झाली म्हणायची. आता संशोधनाला प्रत्यक्ष अनुभवाची जोड मिळाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तक्ता आकार घेतोय. लंडन: मधल्या भागात भुयारी रेल्वेची एक फेरी, आपले पावणेदोनशे पौंड. त्यांचाही पौंड, आपलाही पौंड, पण बघा. पॅरिस: एकशेतीसच्या आसपास. टोकियो: साठ. इस्तंबूल: सदतीस. आपली मेट्रो: आठ. नदा सिटी ते रामसेस चौक मायक्रोबस: पंचवीस. म्हणजे मी आणि इन्शिराह दर फेरीला लंडनवाल्यापेक्षा दीडशे पौंड वाचवतो. वर्षाचा हिशोब केला तर छाती फुगते.

संध्याकाळी फोनवर सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाली, मी भाड्याबद्दल कधी बोलले होते का रे? मी म्हटलं, नाही, पण मुद्दा समजून घे. म्हणाली, अवातिफ जेवायला हाक मारतेय.

आकड्यांचा परिणाम होतोय. लगेच दिसत नाही एवढंच.

एक गोष्ट टोचते ती लिहून ठेवतो. डिसेंबरात तिला दुसरीच्या वर्गात खुर्चीवर झोप लागली. पोरांनी म्हणे आवाज न करता तिची शाल तिच्या अंगावर घातली आणि तास संपेपर्यंत गप्प बसली. ती हे सांगताना रडली होती. मी तेव्हाच समजावलं होतं की जपानात गाडीत, कचेरीत झोप लागणं मेहनतीचं लक्षण मानतात. तिने बशी जोरात ठेवली होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

इकडे येणारी गाडी मिळत नाही याचं कारण सापडलं. रामसेसला कुणी ओरडत नाही, हाताने सांगतात. हरमला, म्हणजे पिरॅमिडकडे, जायचं तर दोन्ही हातांचा त्रिकोण, चौकाला वळसा घालायचा तर बोट गोल. ड्रायव्हर लांबूनच बघतो, थांबतो किंवा जातो. आमची वस्ती नवी, तिला खूणच नाही असं मी समजत होतो.

आहे. लोक तळहात गालाखाली घेतात आणि मान कलती करतात, झोपल्यासारखी. तसं केलं की गाडी थांबते. आज माझ्यासमोर पाच जण गाल धरून चढले आणि गाडी भरली.

ही काय खूण झाली? बाहेरच्याला वाटेल, इथे राहतात ते सगळे आळशी. पुस्तिकेत कुठेही झोपेचा उल्लेख नाही. मी ही खूण करणार नाही. वस्तीचा मान आहे. पुढच्या तीन गाड्याही गेल्या. घरी पोहोचायला साडेसात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवी खूण तयार केली. नदा म्हणजे दव, म्हणून पाची बोटं वर जुळवून कळी आणि मग हळूच उघडून फूल. आरशासमोर सराव. सुरेख दिसते.

रामसेसला चार वाजून दहा मिनिटांनी पहिला प्रयोग. गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, थांब म्हणालास, थांबलो, आता पंजा उघडून जा म्हणतोस. थांबू का जाऊ? मी त्याला दवाबद्दल सांगायला गेलो. मागच्या गाड्यांचे भोंगे. तो म्हणाला, घरच्यांना सांगून बाहेर पडलायस ना? आणि गेला.

बोटं जुळवून वर धरली की आपल्याकडे ‘जरा दम धर’ असा अर्थ होतो, हे माझ्या लक्षातून कसं निसटलं कळत नाही. लहानपणापासून तेच करतोय. दुरुस्ती: नुसतं फूल, कळी नको.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नुसतं फूल. तीन ड्रायव्हरांनी उलट हात हलवून निरोप दिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज बसायला जागा मिळाली, ड्रायव्हरच्या मागच्या ओळीत. ही जागा कुणाला नको असते ते विसरलो होतो. मागून पैसे पुढे येतात आणि या जागेवर बसणाऱ्याने ते गोळा करून सुटे परत पाठवायचे असतात. मी कधी केलं नव्हतं, लबीबच्या गाडीत प्रश्नच नव्हता.

मागून शंभराची नोट आली, तिघांचे. मग दोनशेची, एकाचे. पन्नासची आली, एकाचे की दोघांचे ते कळलं नाही. मी सर्वांना सांगितलं, लंडनला यंत्राला कार्ड दाखवलं की भागतं, हा घोळच नसतो. मागून एक बाई म्हणाली, भाऊ, लंडनला उतरलात की कार्ड दाखवा, आत्ता माझे एकशे पंच्याहत्तर द्या. सगळी गाडी हसली. शेवटी तिने मला उठवलं, माझ्या जागेवर बसली आणि दोन मिनिटांत सगळ्यांचे सुटे वाटून टाकले. मी तिच्या जागी मागे, स्टेपनीवर.

उतरताना समजलं, माझं स्वतःचं भाडं द्यायचंच राहिलं. पन्नास पावलं गाडीमागे पळालो. प्रामाणिकपणाचा रकाना तक्त्यात घालावा का?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हाझिमचा कुवेतहून फोन. त्याला विचारलं, तिथे बसचं भाडं किती? म्हणाला, बाबा, मी आजवर बसमध्ये चढलो नाही. मग म्हणाला, आई कशी आहे? मी म्हटलं, मजेत. म्हणाला, हो, आत्ताच बोललो तिच्याशी, आवाज छान वाटला. किती महिन्यांनी.

लक्झेंबर्ग नावाच्या देशात सगळ्या बस आणि रेल्वे फुकट आहेत असं वाचलं. खोडून टाकलं. फार छोटा देश आहे, धरायचा नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

इन्शिराह थंडीत नेहमी म्हणायची, एक दिवस, फक्त एक दिवस माझ्याबरोबर माझ्या वेळेला निघ. तिची शाळेची घंटा सव्वासातची, माझं ऑफिस नऊचं, त्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतं. पुढच्या आठवड्यात, असं मी प्रत्येक वेळी मनापासून म्हटलं होतं. आता तिच्या माघारी तिच्या वेळेला निघून सगळं नोंदवायचं ठरवलं. गजर साडेचारचा.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

गजर झाला. खिडकीतून पाहिलं. काळोख, फाटकापर्यंतचे दिवे बंद, कुत्र्यांचा कळप. कपडे घातले. बसून बूट घातला, एकच. एका दिवसाच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही, असं वाटलं. बुटासकट झोपलो.

उद्या नक्की.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तक्ता मोठ्या कागदावर उतरवून अवातिफकडे गेलो. एकवीस शहरं, सहा रकाने, दोन रंग. अवातिफ विधवा, तोंडाने तिखट, घर मात्र मेट्रोच्या जिन्याला चिकटून. दार उघडून म्हणाली, आलं नदा सिटीचं शिष्टमंडळ. तक्ता टेबलावर पसरला. तिने त्यावरच द्राक्षाच्या पानांचं तबक ठेवलं आणि दोघी बहिणी भात भरून पानं गुंडाळायला लागल्या. टोकियोवर तेल सांडलं.

मी बोललो. अर्धा तास बोललो. शेवटी खरं ते तोंडातून गेलं. म्हटलं, इन्शिराह, घर खायला उठतं. तीन खोल्यांत मी एकटा, बाल्कनीत जाऊन उभा राहतो तर समोर वाळू. परत ये. तू म्हणशील ते करतो.

तिचे हात थांबले. म्हणाली, ठीक आहे. तुझ्या दारापासून या दारापर्यंत एका तासात येऊन दाखव. पस्तीस मिनिटं म्हणतोस ना, मी साठ देते. दिवस तुझा, वेळ तुझी. टॅक्सी नाही, कुणाची गाडी नाही, मी जशी यायचे तसा ये. आलास तर त्याच पावली बॅग घेऊन तुझ्याबरोबर येते.

अवातिफ म्हणाली, आणि नाही आला तर? इन्शिराहने पान गुंडाळलं.

म्हणजे जिंकल्यातच जमा. सीलबंद. रस्त्यात नाचावंसं वाटलं.

घरी पोहोचायला तीन तास लागले, पण तो गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी सुट्टी.

१ मार्च, शनिवार. पहिला रोजा.

फावा बीन्सचा डबा उघडला. मगरिबची बांग बाल्कनीत ऐकली. समोरच्या इमारतीत दोन खिडक्यांत दिवे, बाकी अंधार. एकोणतीस वर्षांत पहिला रोजा एकट्याने सोडला. खजूर तीन आणले होते, एक खाल्ला. दोन तसेच बशीत ठेवले, का ते माहीत नाही.

५ मार्च, बुधवार

चार चाचण्या घेतल्या. सकाळी सहा: दोन तास वीस. दुपारी दोन: दोन तास पन्नास, रोजा सोडायच्या आधी घरी पोहोचायला अख्खं शहर रस्त्यावर. शुक्रवारी पहाटे: गाडी भरायलाच दीड तास. चौथीत कुणाचा तरी फ्रीज चढवत होते, ती धरत नाही.

जेवण जात नाही. हरलो तर ती येणार नाही. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं.

९ मार्च, रविवार

सापडलं!

मगरिबच्या बांगेला सगळं कैरो ताटावर असतं. त्या वेळी रस्त्यावर मांजरसुद्धा नसतं. पूल रिकामे, चौक रिकामे. जी गर्दी मला दोन तास खाते ती त्या मिनिटाला जेवत असते. बरोबर बांगेला निघायचं. हिशोब: गाडी पस्तीस, मेट्रो अकरा, चालणं सहा. बावन्न. आठ मिनिटं शिल्लक.

ही कल्पना आजवर कुणालाच कशी सुचली नाही? सगळे जेवत होते म्हणून.

फोनवर सांगितलं, गुरुवारी तेरा तारखेला, सहा वाजून तीन मिनिटांनी निघतोय. ती म्हणाली, वगदी, बांगेला? मी म्हटलं, माझी वेळ माझी, तूच म्हणालीस. मग म्हणाली, खजूर खिशात ठेव.

१३ मार्च, गुरुवार

५:४०. दाढी केली. खिशात खजूर, पाण्याची बाटली, घड्याळ पुढेमागे नाही ना ते तपासलं. इन्शिराहच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या.

६:०३. बांग. खजूर तोंडात. कुलूप. निघालो.

६:०९. फाटक. तीन मायक्रोबस उभ्या. रस्ता ताटासारखा स्वच्छ, एक वाहन नाही. माझा अंदाज शंभर टक्के बरोबर.

६:१०. ड्रायव्हर नाहीत.

६:१२. तिन्ही गाड्यांत बघितलं. ड्रायव्हर फाटकाच्या आत, वस्तीतल्या एका व्यापाऱ्याने घातलेल्या फुकट इफ्तारच्या लांब टेबलावर बसलेत. पहारेकरीही तिथेच. गवंडीही. एक जाडा ड्रायव्हर हाताने बोलावतोय.

६:१४. त्याला म्हटलं, उस्ता, मला ताबडतोब रामसेसला जायचंय, आयुष्याचा प्रश्न आहे. त्याचं नाव बयूमी. म्हणाला, आधी बसा, हाजी. दिवसभर उपाशी आहे, आत्ता गाडी काय फरिश्ते चालवतील? मी म्हटलं, दुप्पट भाडं देतो. सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं, जशी मी शिवी दिली. बयूमीने माझा खांदा दाबून खाली बसवलं. पुढ्यात भात, कोंबडीची तंगडी, जर्दाळूचं सरबत.

हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? रस्त्यावर कुणी नसतं म्हणजे चालवणाराही नसतो. पन्नास वर्षं रोजे धरतोय मी.

६:४०. चहा. बयूमीला हलवायला बघतोय. म्हणतो, नमाज, मग चहा, मग गाडी. आणि गाडी भरायला चौदा माणसं हवीत, आत्ता आहेत किती? एक. तुम्ही.

७:०३. तास संपला.

७:०५. बसलोय. काय करणार?

७:२०. आता लिहितो ते नीट लिहितो.

बयूमी गप्पिष्ट. मी म्हटलं, आपल्या वस्तीची ती गालावर हात ठेवायची खूण बदलायला हवी, लाज आणते. तो हसायला लागला. म्हणाला, हाजी, ती खूण कुठून आली ते तुम्हाला माहीत नाही? एक मास्तरीणबाई होती. सप्टेंबरपासून भर थंडीपर्यंत रोज. सकाळी अंधारात या फाटकाशी, दुपारी रामसेसला त्या खांबाला टेकून. हातात वह्यांची पिशवी, दुसरा हात गालाखाली, आणि उभ्या उभ्या झोपलेली. शपथ घेऊन सांगतो, उभ्या उभ्या. आम्ही लांबून बघायचो आणि म्हणायचो, ती बघ नदा. थांबवायचो, हाक मारायचो, आबला, म्हणजे बाई, उठा, गाडी आली. ती दचकून आधी पिशवी बघायची आणि मग, माफ करा, माफ करा, म्हणत चढायची. एकदा पावसात तशीच. हळूहळू बाकीचे पण गालावर हात ठेवायला लागले, गाडी थांबते म्हणून. महिना होऊन गेला, दिसली नाही. तिच्या घरात कुणी नसेल बहुतेक, नाहीतर एवढ्या अंधारात एकटीला कोण पाठवतं?

बाकीचे ड्रायव्हर हसले. एक म्हणाला, मी तिच्याकडून कधी भाडं नाही घेतलं.

मी म्हटलं, असेल कुणीतरी घरात. बयूमी म्हणाला, असला तर झोपलेला असेल.

चहा तसाच राहिला.

७:५०. गाडी निघाली, सात माणसांवर. माझा चेहरा बघून निघाला असावा.

८:४९. अवातिफचा जिना. दोन तास सेहेचाळीस मिनिटं. पायरीवर बसून हिशोब केला. जेवण प्रवासात धरत नाहीत. वाट बघणं कुठल्याच देशात धरत नाहीत, लंडनचं वेळापत्रकही गाडी सुटल्यापासून मोजतं. म्हणजे गाडी हलल्यापासून दारापर्यंत: एकोणसाठ मिनिटं. एकोणसाठ! तिकिटाच्या पाठीवर मांडलं, खाली दोन रेघा मारल्या. जिंकलो.

मग वरून हसणं ऐकू आलं. इन्शिराहचं, मोकळं, मध्येच धाप लागून पुन्हा सुरू होणारं. अवातिफ काहीतरी सांगत होती. हे हसणं शुब्राच्या घरात ऐकलं होतं. नदा सिटीत एकदाही नाही, आणि ते नाही हे मला आजच कळलं.

तिकीट खिशात टाकलं. बेल वाजवली.

तिने दार उघडलं. घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणाली, खाल्लंस? मी म्हटलं, नाही. दुसऱ्यांदा जेवलो, पानांच्या गुंडाळ्या, पोट फुटेपर्यंत. शेवटी तिनेच विचारलं, किती लागले? मी म्हटलं, दोन तास सेहेचाळीस. म्हणाली, बरा आलास की लवकर.

अवातिफने काहीच टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

परत जायला गाडी नव्हती. म्हणजे असेल, मी बघितलं नाही. सोफ्यावर. फक्त आजची रात्र.

१४ मार्च, शुक्रवार

फक्त ईदपर्यंत. तात्पुरती व्यवस्था.

१६ मार्च, रविवार

इन्शिराहबरोबर निघालो, रमजानात तिची शाळा उशिरा भरते. ती बायकांच्या डब्यात, मी पुरुषांच्या. तिचं स्टेशन आलं तेव्हा फलाटावरून जाताना माझ्या खिडकीशी येऊन काचेवर बोटाने ठकठक केलं. ऑफिसात साडेआठला हजर. मादाम तहानी अजून आल्या नव्हत्या. एकूण बावीस मिनिटं. भाडं आठ पौंड.

लंडनचा आकडा आठवला नाही.

२२ मार्च, शनिवार

तिला बयूमीची गोष्ट सांगायची होती. सांगितली नाही. तिला स्वतःला ठाऊक नसेल की आता शेकडो माणसं रोज तिची नक्कल करून गाडी थांबवतात. माफी मागायला वाक्यं जुळवली. लांबली. तक्ता होतील इतकी. फाडली.

घर विकायला काढायचं. दलाल दसूकीला फोन केला. म्हणाला, अर्ध्या किमतीला देऊ नका, गिऱ्हाईक आणतो, फक्त पस्तीस मिनिटं म्हणायचं विसरू नका. मी म्हटलं, ते तर पुस्तिकेतच आहे.

संकल्प: ईदनंतर विकायचं, अवातिफच्या गल्लीत दोन खोल्या घ्यायच्या. इन्शिराहला एवढ्यात सांगायचं नाही, किल्लीच हातात द्यायची.

५ एप्रिल, शनिवार

गिऱ्हाईक आलं. नुकतं लग्न झालेलं जोडपं. नवरा तरतरीत, हातात फोन, बायको नर्स, थकलेली, हसरी. दसूकीने बाल्कनी दाखवली, हवा दाखवली, पस्तीस मिनिटं म्हणाला. नवरा बायकोला म्हणाला, बघ, मी सांगत होतो ना, लंडनला लोक दोन-दोन तास जातात आणि किती मोजतात माहितेय? फोनवर त्याने यादी केली होती. शहरं, भाडी, दोन रंग.

दसूकी खूश, डोळ्याने मला खुणावतोय, आता मान हलव फक्त. दोन खोल्या, अवातिफची गल्ली, किल्ली, सगळं त्या एका मान हलवण्यावर होतं.

तेवढ्यात मुलीने विचारलं. नवऱ्याला नाही, मला. म्हणाली, चाचा, मला सकाळी सातला वॉर्डात हजर राहायचं असतं. इथून किती वाजता निघावं लागेल?

सहा महिन्यांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. म्हटलं, साडेचारला. अंधारात. फाटकापर्यंत दिवे नसतात, कुत्री असतात, काठी ठेव. फाटकाशी उभी राहा आणि असा गालावर हात ठेव, गाडी थांबते. आणि बाळा, हा तुझ्याबरोबर येणार असेल तरच घे.

नवरा म्हणाला, चाचा, रेल्वे होतेय की. मी म्हटलं, चित्रात झाली आहे.

दोघं गेली. मुलगी जिन्यात वळून सलाम म्हणाली. दसूकीने मला जे म्हटलं ते वहीत लिहिण्यासारखं नाही. पुन्हा गिऱ्हाईक आणणार नाही, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. आता हे घर कोण घेतो? आयुष्याची पुंजी वाळूत उभी आहे आणि मी मेव्हणीच्या सोफ्यावर.

परतायला दोन तास पस्तीस. रामसेसपर्यंत गाडी मिळवायला मीही गालावर हात ठेवला. पहिलीच थांबली.

इन्शिराह ओट्याशी कांदा चिरत होती. तिला सगळं कळलं होतं, दसूकीने अवातिफला फोन करून बोंबा मारल्या होत्या. म्हणाली, घर विकायला काढलंस आणि मला बोलला नाहीस. मी म्हटलं, किल्ली द्यायची होती हातात. मग म्हणाली, त्या पोरीला काय सांगितलंस? मी म्हटलं, खरं ते. साडेचारला निघावं लागेल म्हटलं.

तिने सुरी खाली ठेवली. कांद्याच्या हाताने डोळे पुसले, ते आणखी वाहायला लागले.

म्हणाली, सव्वाचार रे. साडेचारला तू कूस बदलायचास, तेव्हा मी फाटकाशी पोहोचलेली असायचे.

दुरुस्ती: सव्वाचार.